क्लासचे ‘सर’ कडक आहेत की घातक? मार्शल आर्ट्‌स शिकणाऱ्यांचे आणि त्यांच्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैजापूरपासून उदगीरपर्यंत मराठवाड्यात जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावात आज कराटे, तायक्वांदो, ज्युदो नाहीतर किकबॉक्सिंगचा क्लास भरतो. कुठे शाळेच्या मैदानावर, कुठे मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, कुठे अपार्टमेंटच्या गच्चीवर. कुस्तीची तालीम तर त्याच्याही आधीपासूनची. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या परिसरात गतका, म्हणजे शिखांची लाठी-तलवारीची युद्धकला, पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. मी याच क्षेत्रात मुला-मुलींना शिकवते. क्लास सुटल्यावर आया मागे थांबून विचारतात, वडील फोनवर दबक्या आवाजात विचारतात. मोठी झालेली मुलं कधीतरी येऊन म्हणतात, ‘आमच्यासोबत तेव्हा जे झालं ते बरोबर होतं का?’ अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेक प्रशिक्षक तुटपुंज्या फीवर मनापासून राबतात, हे आधीच सांगते. जे तसे नाहीत त्यांच्या हाताखाली लेकरांचं काय होतं हेही मी पाहिलं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते.

सर कडक आहेत की त्रास देणारे, हे ओळखायचं कसं?

आवाजावरून ओळखू नका. ओरडणारे कित्येक सर मनानं निर्मळ असतात आणि गोड बोलणारे काही जण आतून फार कठोर असतात. मी पालकांना एकच गोष्ट बघायला सांगते: त्यांना कुणी ‘नाही’ म्हटलं की पुढे काय होतं?

समजा, लेकरू म्हणालं, ‘सर, गुडघा दुखतोय, आज किक नको.’ कडक सर विचारतील, कुठे दुखतंय, कधीपासून. मग बाजूला बसवून हाताचं काम देतील, संध्याकाळी घरी कळवतील. शिस्त मोडणार नाही आणि गुडघाही वाचेल. दुसऱ्या प्रकारचे सर सगळ्या वर्गासमोर म्हणतील, ‘पोरींसारखा रडतो.’ त्याच पायावर जास्तीच्या किक मारायला लावतील आणि पुढचे काही दिवस त्याच्याशी बोलणार नाहीत. त्या दिवशी लेकरू दुखणं लपवायला शिकतं. ते कराटे शिकलं की नाही हा प्रश्न नंतरचा.

पाणी मागणं, शंका विचारणं, स्पर्धेला न जाणं, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी मागणं, क्लास सोडणं ही सगळी ‘नाही’ची रूपं आहेत. प्रत्येक वेळी सरांचा प्रतिसाद पाहा. चिडचिड कुणाचीही होते, मीही माणूस आहे. मात्र ‘नाही’ म्हणणाऱ्याला अपमान, बदला किंवा अबोला ठरलेलाच असेल, तर ती शिस्त नव्हे.

आणखी एक खूण. कडक माणसाचे नियम त्याला स्वतःलाही लागू असतात. आपल्याकडच्या तालमीत हे लख्ख दिसतं. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार रुस्तुम-ए-हिंद झाले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी मल्ल घडवले. अशा परंपरेत शिस्त ढिली नसते, असूही नये. चांगला वस्ताद पहाटे पोरांच्या आधी उठतो, चुकलेला डाव पुन्हा करून दाखवतो, आणि आपला पठ्ठ्या आपल्यापेक्षा मोठा झाला की फेटा उडवतो. विद्यार्थी पुढे गेल्यावर ज्याचं तोंड पडतं, त्याच्यापासून सांभाळून राहा.

अशा माणसाला ‘नार्सिसिस्ट’ म्हणायचं का?

म्हणू नका, त्याची गरजही नाही. नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे आत्मकेंद्री व्यक्तिमत्त्वाचा विकार, हे वैद्यकीय निदान आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशननं २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेत त्याची नऊ लक्षणं दिली आहेत आणि निदानासाठी त्यातली किमान पाच लागतात. स्वतःच्या मोठेपणाच्या अवास्तव कल्पना, कौतुकाची न भागणारी भूक, आपल्याला खास वागणूक मिळालीच पाहिजे ही समजूत, दुसऱ्यांचा वापर करून घेणं, समोरच्याच्या दुःखाची जाणीव नसणं ही त्यातली काही. निदान मानसोपचारतज्ज्ञ करतात, तेही त्या माणसाशी बोलून. आपल्या हातात वागणूक पाहणं आहे आणि लेकराला सुरक्षित ठेवण्यासाठी तेवढं पुरतं.

मात्र असा स्वभाव आमच्या क्षेत्रात का फोफावतो, हे समजून घ्या. इथे वाकून नमस्कार आहे, पट्ट्यांची उतरंड आहे, उलट न बोलण्याची सवय आहे. सर स्वतः फाईट खेळून किती वर्षं झाली हे कुणी विचारत नाही. शाळेत निदान मुख्याध्यापक असतात, तपासणी असते. गच्चीवरच्या क्लासमध्ये सरांच्या वर कुणी नसतं. स्वतःची पूजा करून घ्यायची आहे, अशा माणसाला याहून सोयीची जागा सापडणं कठीण.

सुरुवातीला सर फार चांगले होते. इतकं कौतुक तर आम्हीही कधी केलं नाही. मग बदललं काय?

बहुतेक वेळा काही बदललेलं नसतं. पहिल्या महिन्यातलं ते कौतुकच सुरुवात असते. ‘याच्यात मला चॅम्पियन दिसतोय’, ‘फी राहू द्या, हा माझा मुलगा समजा’, मोफत किट, घरी सोडायला गाडी. कौतुक होतंय म्हणून लगेच संशय धरायचा नाही. पण ते मेहनतीचं आहे की निष्ठेचं, हे पाहा. पंच सरळ बसला म्हणून शाबासकी मिळत असेल तर उत्तम. ‘तू माझा खास आहेस’ असं सारखं कानावर पडत असेल, तर तो खासपणा काढून घेण्याची भीतीही त्यासोबत येते. नंतर दुसऱ्याच कुणाला ‘खास’ केलं जातं आणि आपलं लेकरू ती जागा परत मिळवण्यासाठी वाटेल ते करायला तयार होतं.

याची सर्वात जास्त झळ एकट्या पडलेल्या मुलांना बसते. बीड, धारूर, पाटोदा, आष्टी या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुलं आजी-आजोबांकडे नाहीतर वसतिगृहात राहतात. लातूरला अकरावी-बारावीसाठी आलेली मुलं खोल्या करून राहतात. अशा मुलाला रोज विचारपूस करणारा मोठा माणूस हवाच असतो. चांगला प्रशिक्षक त्या मुलासाठी मोठा आधार होतो, मी असे आधार पाहिले आहेत. वाईट माणूसही तीच पोकळी शोधत असतो. म्हणून आई-वडील लांब असतील तर गावातल्या एका तरी नातेवाइकानं महिन्यातून एकदा क्लासला जाऊन बसावं. सरांना कळलं पाहिजे की या लेकराच्या मागे माणसं आहेत.

गुरूला प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा अपमान नाही का?

नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचा मार्ग सांगताना नमस्कार आणि सेवा यांच्या बरोबरीनं प्रश्न विचारणं सांगितलं आहे. अर्जुन शंकांवर शंका विचारतो. अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण त्याला म्हणतो की याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. युद्धभूमीवर, साक्षात गुरूनं शिष्याला दिलेली ही मोकळीक आहे. आपल्या गल्लीतल्या क्लासमध्ये ‘हा ब्लॉक असाच का?’ एवढं विचारल्यावर उठाबशा मिळत असतील, तर ‘गुरू-शिष्य परंपरा’ हे शब्द तिथे ढालीसारखे वापरले जात आहेत.

जपानी परंपरेचं नाव घेऊन गप्प बसवणाऱ्यांना ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांची आठवण द्या. १८८२ मध्ये त्यांनी टोकियोत कोदोकान सुरू केलं. त्यांच्या दोन मूळ तत्त्वांपैकी एक आहे परस्परांचं कल्याण. समोरचा जोडीदार सुखरूप राहिला तरच आपण शिकू शकतो, हा त्यामागचा विचार. पाया पडायला माझी काहीच हरकत नाही. आपल्या संस्कृतीत ते आहे, मलाही आवडतं. पाया पडलं नाही म्हणून शिक्षा मिळू लागली की मात्र त्यातला आदर संपला.

मार बसल्याशिवाय खेळाडू घडत नाही, असं आमचे सर म्हणतात. खरं आहे का?

खोटं आहे, आणि ज्युदोच्या माहेरीच ते उघडं पडलं आहे. लंडन ऑलिंपिकनंतर, २०१२ च्या शेवटी, जपानच्या १५ महिला ज्युदोपटूंनी आपल्याच राष्ट्रीय प्रशिक्षकांविरुद्ध जपान ऑलिंपिक समितीकडे तक्रार केली. थपडा, बांबूच्या तलवारीचे फटके, शिवीगाळ अशी ती तक्रार होती. २०१३ च्या सुरुवातीला हे जगासमोर आलं आणि मुख्य प्रशिक्षक र्युजी सोनोदा यांनी राजीनामा दिला. या पंधरा जणी जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी होत्या. त्यांनाही एकट्यानं बोलता आलं नाही, पंधरा जणींना एकत्र यावं लागलं.

कायद्याचंही ऐका. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ताब्यात असलेल्या किंवा देखरेखीखालच्या बालकाला मारहाण करणं, त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘पालकांनीच परवानगी दिली होती’ म्हणून मारहाण योग्य ठरत नाही.

न मारता दिलेल्या शिक्षाही धोक्याच्या असतात. शिक्षा म्हणून शेकडो बैठका काढायला लावल्या, तर सवय नसलेल्या मुलाच्या स्नायूंचे तंतू तुटून त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पाय सुजले, असह्य दुखायला लागले आणि लघवी गडद तपकिरी झाली तर घरी तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाणी बंद ठेवणं हा तर आपल्या हवेत जिवाशी खेळ आहे. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापतं. तिथे ‘पाणी प्यालास तर कमजोर पडशील’ म्हणणाऱ्याला शरीरशास्त्रातलं काहीही कळत नाही.

वजन उतरवण्याचंही तसंच. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत तीन कॉलेज कुस्तीगीर थोड्या दिवसांच्या अंतरानं मरण पावले. तिघंही घाम गाळून आणि पाणी तोडून झपाट्यानं वजन कमी करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली. वाढत्या वयाच्या मुलाला खालच्या वजनगटात बसवण्यासाठी दोन दिवस उपाशी ठेवणारे सर तुमच्या मुलाच्या मेडलचा विचार करत नसतात, स्वतःच्या क्लासच्या बॅनरचा करत असतात.

फाईटमध्ये लागणारच ना? मग तक्रार कशाची करायची?

लागणार. नाक फुटणं, ओठ सुजणं, बोट मुरगळणं खेळात होतं आणि ते पचवायला शिकवणं आमचं कामच आहे. शंका कधी घ्यायची? काल मुलानं सरांना काही विचारलं आणि आज त्याला सर्वात मोठ्या, सर्वात जड सिनियरसमोर उभं केलं. किंवा सर स्वतः चौदा वर्षांच्या मुलाशी पूर्ण ताकदीनं खेळतात आणि बाकीच्यांना हसायला लावतात. किंवा पडलेल्या मुलाला उठवून, डोळे अजून तारवटलेले असताना, पुढची फेरी खेळायला लावतात.

डोक्याला मार लागून गरगरणं, उलटी, गोंधळ, उजेड सहन न होणं यांपैकी काही झालं तर त्या दिवशी पुन्हा खेळायचंच नाही. डॉक्टरांना दाखवायचं, एक-दोन दिवस विश्रांती घ्यायची, मग पायरीपायरीनं परत यायचं. खेळवैद्यकात यावर आता दुमत उरलेलं नाही. जे सर हे मानत नाहीत त्यांच्याकडे फाईट खेळू देऊ नका, त्यांची मेडलं कितीही असोत.

सर दुसऱ्या क्लासला, दुसऱ्यांच्या स्पर्धेला, अगदी शिबिरालाही जाऊ देत नाहीत. हे बरोबर आहे का?

एकाच वेळी दोन शैली शिकून नवशिक्याचा गोंधळ उडतो, म्हणून ‘थोडे दिवस इथेच थांब’ असं कुणी सुचवलं तर ते समजण्यासारखं आहे. बंदी वेगळी. ‘तिकडे गेलास तर इकडे येऊ नकोस’, ‘तो गद्दार निघाला, त्याच्याशी बोलायचं नाही’ असली भाषा ऐकू आली की सावध व्हा. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांबद्दल सर काय बोलतात ते लक्ष देऊन ऐका. सोडून गेलेला प्रत्येक जण त्यांच्या लेखी कृतघ्न, आळशी किंवा वेडा असेल, तर उद्या तुमच्याबद्दलही तेच बोललं जाईल.

आमचा मुलगा आता घरात तुटक वागतो. सर म्हणतील तेच खरं. काय करावं?

सरांना शिव्या घालू नका. त्यानं तो आणखी तिकडे ढकलला जाईल. त्याच्याशी क्लासबद्दल रोज थोडं साधं बोला. आज काय शिकवलं, कोण चुकलं, चुकल्यावर काय झालं. उत्तरं ऐकताना चेहऱ्यावर धक्का दिसू देऊ नका, नाहीतर पुढचं सांगणार नाही. ‘घरी सांगायचं नाही’ असं काही आहे का, एवढं मात्र सरळ विचारा. क्लासमधली गोष्ट घरी सांगण्यावर बंदी असेल तर मला पुढे काहीही ऐकायची गरज वाटत नाही. त्या क्लासमधून लेकरू काढावं.

वर्षाच्या आत ब्लॅक बेल्ट, दर दोन महिन्यांनी परीक्षा, ‘इंटरनॅशनल’ मेडल. खरं किती मानायचं?

तायक्वांदोत ‘दान’चं, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायरीचं प्रमाणपत्र दक्षिण कोरियातली कुक्कीवॉन ही संस्था देते. त्याला क्रमांक असतो, तो पडताळून पाहता येतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दान नव्हे, पूम ही मुलांसाठीची पायरी मिळते. पहिल्या दानवरून दुसऱ्यावर जायला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर दोन, तिसऱ्यावरून चौथ्यावर तीन वर्षं जावी लागतात. त्यामुळे तिशीच्या आतले सर स्वतःला सातवा-आठवा दान म्हणवत असतील तर प्रमाणपत्र बघायला मागा. कराटेत संघटना अनेक आहेत आणि प्रत्येकीचे पट्टे वेगळे. तिथे ‘कोणत्या संघटनेचा, कुणी परीक्षा घेतली, कधी’ हे तीन प्रश्न पुरतात. नियमित सराव करणाऱ्याला ब्लॅक बेल्टपर्यंत पोचायला साधारण तीन ते पाच वर्षं लागतात. खऱ्या माणसाला कागद दाखवायला राग येत नाही.

पैशांचं गणित पहिल्याच दिवशी लिहून घ्या: महिन्याची फी, ड्रेस, बेल्ट परीक्षा, वार्षिक नोंदणी, स्पर्धा, प्रवास. ‘बेल्ट हवा असेल तर माझ्याकडूनच किट घ्यावं लागेल’ हे दुकान झालं. शाळकरी मुलांसाठी खात्रीची वाट म्हणजे शालेय क्रीडा स्पर्धा: तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय. त्या क्रीडा खात्यामार्फत होतात, आणि मराठवाड्यात त्यासाठी संभाजीनगर आणि लातूर असे दोन विभाग आहेत. एखाद्या हॉलमध्ये एका दिवसात उरकलेल्या, आलेल्या प्रत्येकाला मेडल देणाऱ्या ‘नॅशनल’ला सरकारी दरबारी किंमत आहे का, हे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

सरांना सोडलं तर दहावी-बारावीचे खेळाचे गुण आणि पुढे नोकरीतलं पाच टक्के आरक्षण जाईल, अशी भीती आहे.

याच भीतीवर कितीतरी मुलं वर्षानुवर्षं अडकून राहतात. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. दुष्काळाशी झुंजणाऱ्या भागात, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोरांसाठी ते किती मोलाचं आहे, हे मला कुणी सांगायला नको. पण हा लाभ सर देत नाहीत. तो मान्य स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतो आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाचं विभागीय कार्यालय करतं. शालेय स्पर्धेत प्रवेशही शाळेमार्फत, मुख्याध्यापकांच्या सहीनं जातो. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रस्ताव शाळा किंवा महाविद्यालयच पाठवतं.

म्हणून सगळी मूळ प्रमाणपत्रं घरच्या फाईलमध्ये ठेवा. आधार कार्ड, जन्मदाखला सरांकडे फक्त छायाप्रतीत द्या. ‘मी बनवून देतो सर्टिफिकेट’ म्हणणाऱ्यापासून दूरच राहा. बोगस प्रमाणपत्र निघालं तर नोकरी जाते आणि गुन्हा उमेदवारावर दाखल होतो, सर तेव्हा ओळखही देत नाहीत.

हात न लावता माणूस पाडण्याची विद्या खरंच असते का?

नाही. सरांनी नुसता हात हलवला आणि त्यांचे विद्यार्थी धडाधड पडले, तर ते पडण्याची सवय लागल्यामुळे पडतात. चीनमध्ये २०१७ साली शु शियाओदोंग या मिश्र मार्शल आर्ट्‌सच्या खेळाडूनं स्वतःला ताई-चीचे मास्टर म्हणवणाऱ्या वेई लेई यांना काही सेकंदांत खाली पाडलं होतं. गुप्त विद्येचा दावा करणारे अनोळखी माणसावर प्रयोग करत नाहीत, यावरून काय ते समजा.

मुलीच्या क्लासबद्दल काय पाहावं? स्पर्श तर या खेळात होतोच.

होतो, आणि म्हणूनच नियम जास्त स्पष्ट हवेत. स्टान्स (उभं राहण्याची ढब) सुधारताना हात लावण्याआधी सांगणं, सगळ्यांसमोर लावणं, गरजेपुरताच लावणं. एकट्या मुलीला किंवा मुलाला बंद खोलीत ‘स्पेशल ट्रेनिंग’ नाही. रात्री उशिरा खासगी मेसेज नाहीत, क्लासचा निरोप पालकांच्या ग्रुपवर यावा. स्पर्धेसाठी पुण्याला किंवा दिल्लीला रात्रीचा प्रवास असेल तर सोबत एक आई किंवा महिला प्रशिक्षक असायलाच हवी, आणि सरांची खोली वेगळी. वजन करताना कपडे कोण उतरवायला लावतं, तिथे कोण हजर असतं, हेही विचारा. मुलग्यांच्या बाबतीतही हे सगळं तितकंच लागू आहे. त्यांच्याबाबत आपण गाफील राहतो आणि ते सांगतही नाहीत.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुला-मुलीला लागू आहे. त्याच्या २०२० च्या नियमांत क्रीडा अकादमींचा स्पष्ट उल्लेख आहे: मुलांच्या नियमित संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ठरावीक काळानं पोलीस पडताळणी झाली पाहिजे. ती झाली आहे का, हे विचारण्यात संकोच नको. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलेल्या कुणीही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. क्लासची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवण्याची मुभा कुणालाच नाही, संस्थाचालकाला तर नाहीच. मुलाचा जबाब घरी घेता येतो, पोलीस अधिकारी गणवेशात नसावा असं कायदाच सांगतो, आणि मुलाला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. चाइल्डलाइन १०९८, पोलीस ११२.

सज्ञान मुलींसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा आहे. त्यातल्या कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा येते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या क्लासविरुद्ध तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करायची, साधारण तीन महिन्यांच्या आत. महिला हेल्पलाइन १८१.

बाकीचे पालक सरांच्या बाजूनं आहेत. आम्हीच चुकतोय का?

प्रत्येकाला सर वेगळे दिसतात. ज्याचं लेकरू सध्या ‘खास’ आहे त्याला सगळं छान दिसतं. काहींची बरीच फी भरून झालेली असते, काहींचे सर नात्यातले, जातीतले किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या जवळचे असतात. लहान गावात हे जास्त अवघड होतं, कारण उद्या त्याच माणसाशी लग्नाच्या पंगतीत गाठ पडते. सगळ्यांना पटवून देण्याची जबाबदारी अंगावर घेऊ नका. जे घडलं ते तारखेसह वहीत लिहा, मेसेज जपून ठेवा, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याच्या आईला भेटा. बहुतेक वेळा कळतं की आधीही कुणीतरी याच कारणानं गेलं होतं.

सोडायचं ठरवलं आहे. कसं सोडावं?

आधी कागद हातात घ्या, मग बोला. मेसेज छोटा ठेवा: ‘सर, पुढच्या महिन्यापासून तो क्लासला येणार नाही. आजवर शिकवलंत त्याबद्दल आभार.’ कारणं देत बसू नका, कारण प्रत्येक कारणावर वाद घालता येतो. शेवटचं भेटायला मुलाला एकट्याला पाठवू नका. मारहाण किंवा स्पर्शाचा प्रकार असेल तर मेसेजही नको, थेट तक्रार करा. भरलेली वार्षिक फी अडवली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क लागत नाही. पावती मात्र हवी, म्हणून रोख दिलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती मागत चला.

नंतर थोडे दिवस फोन येतील. आधी गोड, मग दुखावलेले, मग धमकीचे, आणि पुन्हा गोड. सिनियर मुलं घरी येतील, ‘सर रडत होते’ म्हणतील. दारात बोलून पाठवा.

सोडून महिने झाले, तरी लेकरू सरांचीच आठवण काढतं. कधी म्हणतं, मला आता खेळच नको.

दोन्ही स्वाभाविक आहे. त्या माणसानं त्याला खरोखर काहीतरी शिकवलं होतं, आणि त्याच्या शाबासकीवर लेकराचा दिवस ठरत होता. ‘त्याला विसर’ म्हणू नका. जे शिकलास ते तुझ्या मेहनतीचं आहे, ते कुणी काढून घेऊ शकत नाही, हे सांगत राहा. खेळ थांबवायचा असेल तर थांबू द्या, पुढे पोहण्यानं किंवा खो-खोनं परत वळेल. झोप उडाली, जेवण तुटलं, स्वतःला इजा करण्याचं बोलणं आलं तर वेळ घालवू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. संभाजीनगरला घाटी या सरकारी रुग्णालयात आणि अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

नवा क्लास निवडताना काय करायचं?

एक आठवडा न सांगता जाऊन बसा. पालकांना बसू देत नाहीत, तो क्लास नको. सर्वात कच्च्या मुलाशी सर कसे बोलतात ते बघा, कारण चॅम्पियनशी सगळेच चांगले बोलतात. सरांना एखादी गोष्ट विचारा जी त्यांना बहुधा येत नसेल. ‘हे मला माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणणारा प्रशिक्षक मिळाला तर फी थोडी जास्त असली तरी तिथेच घाला.

मी स्वतः अशा क्लासमध्ये सिनियर आहे. ज्युनियर्सना मीच शिक्षा देतो, कारण सर सांगतात. मी काय करू?

हा प्रश्न विचारायला धीर लागतो, आणि तो विचारणारी मुलं मला फार जवळची वाटतात. तुम्हालाही त्याच मार्गानं घडवलं गेलं आहे. पण आज समोरच्या नऊ वर्षांच्या लेकरासाठी ‘सर’ तुम्हीच आहात. ताबडतोब सोडता येत नसेल तर निदान तुमच्या तुकडीत पाणी बंद ठेवू नका, दुखापत झालेल्याला बसवा, कुणाला एकटं मागे ठेवू नका. सरांनी विचारलं तर ‘मी हे करणार नाही’ एवढंच म्हणा आणि त्यावर काय होतं ते पाहा, तुमचं उत्तर तिथेच मिळेल. बाहेर पडल्यावर ज्यांना शिक्षा दिली होती त्यांच्यातला कुणी भेटला तर माफी मागा, स्पष्टीकरण देऊ नका. आणि उद्या पोलीस किंवा समिती विचारायला आली, तर डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच सांगा, तारखेसह, कुणाच्याही दबावाखाली न येता. लेकरांच्या शब्दावर लोक शंका घेतात, तेव्हा आतल्या सिनियरच्या साक्षीचा मोठा उपयोग होतो.